राखणीचा क्रॉस कुत्रा वारंवार तापतो, घरच्यांवरच गुरगुरतो: मूळ कुठे शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा स्वभावाची म्हणून येते. "आमचा कुत्रा आधी फार गुणी होता, आता घरच्यांवरच गुरगुरतो." किंवा, "रात्रभर गोठ्यापाशी जागायचा, आता उठतच नाही, आळशी झाला." मेंढपाळाच्या तोंडून हेच ऐकू येतं: "दादा, दोन दिस झालं भाकरीला तोंड लावीना, अन् पोरानं हात लावला तर दात दावतोय." मग डॉक्टर येऊन तापाचं इंजेक्शन देतात. दोन दिवसांत कुत्रा उठतो, शेपूट हलवतो, महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा तेच सुरू होतं.

हे लिखाण त्या 'पुन्हा तेच'साठी आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या उसाच्या आणि बिबट्याच्या पट्ट्यात मळ्यावर राखणीला असलेले कुत्रे बहुतेक क्रॉसच असतात. कुठे करवानी (कॅरव्हान हाउंड, सडपातळ शिकारी जात) आणि गावठीचा, कुठे अल्सेशियन आणि गावठीचा, तर कुठे तिन्हींचं रक्त एकत्र आलेलं. अशा कुत्र्याच्या वारंवारच्या आजारपणामागे माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा गोचीड ताप निघतो, आणि तोही अर्धवट उपचार झालेला. तो परत का येतो याचं उत्तर कुत्र्याच्या अंगावर थोडंच सापडतं. खरं उत्तर तो झोपतो त्या जागेत असतं.

आधी पिसाळण्याची शंका दूर करा

स्वभाव अचानक पालटला की पहिला विचार रेबीजचा करायचा, मग बाकीचं. कुत्रा दिसेल ते चावतो आहे, दगड-लाकूड चघळतो आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, भुंकण्याचा आवाज बदलला आहे, मागचे पाय लटपटत आहेत, यातलं काहीही दिसलं तर त्याला बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालणं इथे सर्वांत घातक ठरतं. चावा किंवा ओरखडा झाला असेल, लाळ जखमेला लागली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की दिवसागणिक वाढत जातात आणि साधारण दहा दिवसांच्या आत जनावर दगावतं. मध्ये महिनाभर छान खाऊन-पिऊन पुन्हा बिघडणं असं त्यात होत नाही. म्हणून दुखणं जर येऊन-जाऊन असेल, तर आजवरचं आजारपण रेबीजचं नव्हतं एवढं कळतं. पण नवा बिघाड झाला की शंका नव्याने तपासायचीच, आणि लस चुकली असेल तर जास्तच. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस आणि मग दरवर्षी, यात राखणीच्या कुत्र्याला सूट नाही.

स्वभाव म्हणजे मुळात कसा होता?

क्रॉस कुत्र्याच्या बाबतीत 'या जातीचा स्वभाव असाच' हे वाक्य उपयोगी पडत नाही. करवानी रक्ताचा कुत्रा अलिप्त असतो. एका माणसाला धरून राहतो, परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, आणि हललेली वस्तू दिसली की पाठलाग करतो. गावठी रक्त सावध असतं, रात्री कान टवकारून असतं, आधी लांबून भुंकतं आणि मग पुढे येतं. अल्सेशियनचं रक्त माणसाला चिकटून राहणारं, शिकवलेलं चटकन उचलणारं, पण एकटं पडलं की बेचैन होणारं. एकाच वेतातली दोन भावंडंसुद्धा यातून वेगवेगळं उचलतात.

त्यामुळे तुलना जातीशी करू नका, त्याच कुत्र्याशी करा. मुळातच परक्यांना जवळ न येऊ देणारा कुत्रा परक्यावर गुरगुरला तर तो त्याचा स्वभाव. पण तोच कुत्रा भाकरी देणाऱ्या बाईवर गुरगुरला, किंवा रोज ज्या पोराबरोबर खेळतो त्याच्यावर दात काढले, तर ते दुखणं आहे असं धरून चाला. कामाचे कुत्रे दुखणं फार लपवतात. लंगडत लंगडत रात्रभर शेताला फेऱ्या मारतील, कण्हणार नाहीत. सहन होईनासं झालं की एकदम चावतात, आणि घरचे म्हणतात, "काही कारण नसताना चावला."

गोचीड तापात स्वभाव बदलण्याची कारणं अगदी शारीरिक आहेत. सांधे आणि स्नायू दुखतात, त्यामुळे उचलायला किंवा पट्टा घालायला गेलं की कुत्रा झिडकारतो. डोळ्याच्या आत सूज येते किंवा पडद्यावर रक्तस्राव होतो, त्यामुळे कडेने आलेलं माणूस त्याला उशिरा दिसतं. तिन्हीसांजेला घरच्याच माणसावर धावून जाणारा कुत्रा दिसला की मी आधी त्याचे डोळे उजेडात नेऊन पाहतो. बुबुळावर निळसर धूसरपणा, डोळ्यात रक्ताची छटा, उजेडात डोळे मिचकावणं, यातलं काही दिसलं तर त्याला मारून किंवा साखळीला बांधून काहीही साधणार नाही. क्वचित हा रोग मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचतो, मग मान वाकडी होणं, झटके येणं असंही दिसतं.

अंग तपासायची रीत

उजेडात, कुत्रा शांत असताना, ओळखीच्या माणसाने त्याच्या डोक्यापाशी बसायचं. चावण्याची शक्यता असेल तर जाळी किंवा सुती पट्टीने तोंड बांधा, मात्र धापा टाकणाऱ्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधू नका.

कानापासून सुरुवात करा. कानाची पाळी उलटी केली की आतल्या घड्यांत गोचीड सापडते. मादी रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म आणि करडी झालेली असते आणि तिच्या पोटाशी चपटा, तपकिरी नर चिकटलेला असतो. मग पंज्यांची बोटं एकेक करून फाका. बोटांच्या बेचक्यात केस बाजूला केले की तिथे लालसर, ओलसर कातडी आणि तिच्यात तोंड रुतवून बसलेल्या बारीक गोचिडी दिसतील. त्यातल्या काही इतक्या लहान असतात की मातीचा कण समजून माणूस पुढे जातो, म्हणून नजरेवर विसंबू नका, बोटाच्या टोकाने चाचपा. काख, जांघ, शेपटीचं बूड. आणि पट्ट्याखाली नक्की पाहा. बिबट्याच्या भीतीने आपल्याकडे जो खिळ्यांचा रुंद पट्टा घालतात तो महिनोन्महिने काढलाच जात नाही आणि त्याच्याखाली मानेभोवती गोचिडींची रांग लागते. दिवसा पट्टा काढून ठेवायची सवय लावा.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल टाकून, काडीचा चटका देऊन काढू नका. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. या गोचिडीतून माणसालाही टिक टायफस (गोचिडीतून होणारा जिवाणूंचा ताप) होऊ शकतो.

मग हिरड्या पाहा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की दोनेक सेकंदांत रंग परत येतो. पांढुरकी असेल तर रक्त कमी झालं आहे, पिवळट असेल तर कावीळ. पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर आणि हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर प्लेटलेट्स घसरल्याची ती खूण आहे. जबड्याच्या कोनाखाली आणि मागच्या गुडघ्यामागे गाठी हाताला लागतात का ते चाचपा. थर्मामीटर गुदद्वारात लावून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, माणसाच्या मापाने मोजलं तर निरोगी कुत्राही तापलेला वाटेल. धावून आलेल्या कुत्र्याचा ताप लगेच मोजू नका. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून तापाचा अंदाज येत नाही.

लघवीचा रंग पाहणं सगळ्यांकडून राहून जातं, कारण कुत्रा बांधावर जातो. एक दिवस पांढऱ्या फरशीवर किंवा पांढऱ्या कापडावर करू द्या. गडद तांबूस-तपकिरी लघवी म्हणजे लाल पेशी फुटताहेत, आणि हे बबेसियाचं (गोचिडीतून रक्तात शिरणाऱ्या परजीवीचं) लक्षण असू शकतं. पण तसाच रंग आणि कावीळ लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या रोगात) दिसते, आणि लेप्टो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. म्हणून भातखाचरं, साचलेलं पाणी, उंदीर-घुशी असतील तिथे अशी लघवी उघड्या हाताने, अनवाणी पायाने धुऊ नका.

इंजेक्शनाने बरा वाटतो, मग परत का पडतो?

गोचीड ताप हा एकच रोग नाही. आपल्याकडे मुख्य दोन. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो आणि प्लेटलेट्स पाडतो. बबेसिया हा एकपेशी परजीवी लाल पेशींत शिरून त्या फोडतो. तिसरा हेपॅटोझून, तो चावण्यातून होत नाही, कुत्र्याने गोचीड गिळली तर होतो. अंग चाटून-चावून स्वतःच गोचिडी काढणाऱ्या कुत्र्याला त्यामुळे तो धोका असतो. दोन रोग एकाच वेळी असणंही नेहमीचं आहे. एकाचं औषध दिलं, दुसरा तसाच राहिला, की पंधरा दिवसांत कुत्रा पुन्हा आडवा.

एर्लिकियाची चाल समजून घेतली की महिन्या-दीड महिन्याच्या फेऱ्यांचं कोडं सुटतं. गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पहिला ताप येतो, दोन-चार आठवडे टिकतो. नंतर औषध दिलं नाही तरी अनेक कुत्रे वरून बरे होतात. खातात, भुंकतात, कामाला लागतात, पण जिवाणू प्लीहेत दबा धरून असतो. हा छुपा काळ काही महिन्यांचा असेल किंवा काही वर्षांचाही. त्यातले काही कुत्रे पुढे जुनाट अवस्थेत जातात, हाडातला मगज रक्त बनवायचं थांबवतो, आणि तिथून परत आणणं फार अवघड होतं. अल्सेशियनमध्ये हा रोग जास्त तीव्र होतो, तेव्हा तुमच्या क्रॉसमध्ये त्याचं रक्त असेल तर 'बघू उद्या' म्हणू नका.

आता तापाचं इंजेक्शन काय करतं? ताप आणि दुखणं कमी करतं, जिवाणूला हात लावत नाही. कुत्रा उठतो, मालकाला वाटतं जमलं. वर प्लेटलेट्स आधीच कमी असताना वेदनाशामकाने रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर कुत्र्याला कधीच देऊ नका, त्याने जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटॅमॉलही स्वतःच्या मनाने नाही.

एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे मुख्य औषध. नेहमीचा डोस दर किलो वजनामागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एकदम किंवा दोन भागांत, आणि तो २८ दिवस. तीन-चार दिवसांत कुत्रा खेळायला लागतो आणि नेमकं तेव्हाच औषध बंद पडतं. वस्तीवर हे फार होतं: पाकीट संपलं, तालुक्याला जायचं राहिलं, कुत्रा तर बरा आहे. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी एकरकमी आणून ठेवा, हा एवढा बदल केला तरी पुष्कळ कुत्री दुसऱ्यांदा पडत नाहीत.

गोळी दुधातून किंवा सायीतून देऊ नका. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि अंगात कमी पोचतं. उपाशीपोटी दिली तर उलटी होते. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. भाकरीच्या किंवा उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात घालून द्या, वर थोडं अन्न, मग पाणी. अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पोटात गेला असं धरू नका, डॉक्टरांना विचारा.

बबेसियावर वेगळं औषध लागतं. मोठ्या प्रकारच्या बबेसियावर इमिडोकार्बचं इंजेक्शन दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा देतात. त्याने लाळ सुटते, उलटी होते, म्हणून डॉक्टर आधी अट्रोपिन देतात. पण बबेसिया गिब्सोनी हा लहान प्रकार आपल्या देशात चांगलाच आढळतो आणि तो इमिडोकार्बला नीट दाद देत नाही. त्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जोडी वापरतात, ती महाग पडते. 'दोन इंजेक्शनं झाली तरी हिरड्या पांढऱ्याच' असं असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा.

रक्ततपासणी, आणि निरोगी असतानाची एक

रक्त काढल्याशिवाय महिनाभराचं औषध सुरू करू नये, निदान सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि कानाच्या कडेतून घेतलेला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा थेंब) तरी व्हावा. स्मिअरमध्ये परजीवी दिसला तर पक्कं. दिसला नाही म्हणून नाही असं ठरत नाही, विशेषतः दुखणं जुनं असेल तर. दवाखान्यात जी पट्टीवरची झटपट चाचणी करतात ती प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, शोधते. ती बरा झाल्यावरही महिनोन्महिने पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे उपचार लागू पडला का हे पट्टीवरून पाहू नका, प्लेटलेट्सवरून पाहा: उपचार सुरू केल्यावर आठवड्याने, कोर्स संपल्यावर आणि त्यानंतर महिन्याने.

करवानी रक्ताच्या कुत्र्याचा रिपोर्ट वाचताना एक खोच आहे. ग्रेहाउंडसारख्या शिकारी हाउंडमध्ये लाल पेशींचं प्रमाण मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट्स कमी असतात. तुमच्या क्रॉसमध्ये त्यातलं किती उतरलं आहे हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. म्हणजे कागदावर 'नॉर्मल' दिसणारा लाल पेशींचा आकडा त्याच्यासाठी घसरलेला असू शकतो, आणि थोड्या कमी प्लेटलेट्स त्याच्यासाठी नेहमीच्या असू शकतात. म्हणून माझा आग्रह असतो की कुत्रा ठणठणीत असताना एकदा सीबीसी करून तो कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक आजारपणात डॉक्टरांना त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

तालुक्याला सोय नसेल आणि केस अडलेली असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय किंवा मुंबईत परळचं पशुवैद्यक महाविद्यालय इथे घेऊन जाण्याचा विचार करा.

गोचीड कुत्र्यावर नाही, भिंतीत राहते

कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: अळी असताना, कुमार अवस्थेत आणि प्रौढ झाल्यावर. दर वेळी काही दिवस पिऊन खाली पडते, भेगेत शिरते, कात टाकते आणि पुन्हा कुत्र्याची वाट पाहते. मादी शेवटचं पिऊन भिंतीवर वर चढते आणि फटीत हजारो अंडी घालून मरते. ऊबदार हवेत हे सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. उपाशी प्रौढ गोचीड वर्षभरही तग धरते. तुम्ही अंगावर पाहता त्या गोचिडी एकूण संख्येतला लहानसा भाग आहेत, बाकीचा बारदान, गव्हाणीमागची फट, पत्र्याखालचे वासे, कुडाची माती, विटांचा ढीग यांत असतो.

"म्हशीच्या गोचिडी कुत्र्याला लागल्या" असं सर्रास म्हणतात. जनावरांच्या अंगावरची नेहमीची गोचीड वेगळी, ती बहुतांशी गुरांवरच राहते. काही जाती दोघांनाही चावतात हे खरं, पण कुत्र्याच्या अंगावर जिचा सुळसुळाट होतो ती त्याची स्वतःची तपकिरी गोचीडच असते. म्हणून गुरांवर फवारणी करून कुत्र्याची जागा तशीच सोडली तर काहीच बदलत नाही.

जागेचं काम असं करा. कुत्रा दिवसा कुठे झोपतो आणि रात्री कुठे बसतो हे आधी नीट पाहा, ती दोन-तीन ठिकाणं असतात. जुनं बारदान, घोंगडीचे तुकडे जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यात घाला. भेगा सिमेंटने बुजवा, कूड असेल तर नव्याने लिंपा. मग डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ, बाटलीवर जागेसाठी जे प्रमाण छापलं आहे त्याच प्रमाणात, पाठीवरच्या पंपाने. नोझल भेगेत धरून खालपासून वर, कमरेच्या उंचीच्याही वर, वाशांच्या सांध्यांपर्यंत मारा, कारण मादी वर चढते. गुरं, कोंबड्या, चारा, पाण्याची भांडी बाहेर काढा आणि सगळं कोरडं झाल्यावरच आत आणा. मांजर असेल तर तिला तर फार जपा, ही औषधं मांजरांना सोसत नाहीत. पंप विहिरीपाशी किंवा शेततळ्यात धुवू नका, डेल्टामेथ्रिन माशांना आणि मधमाश्यांना जहाल आहे.

अंड्यांवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून एकदा मारून थांबलं की उबलेल्या अळ्या पुन्हा सुरू होतात. दर पंधरवड्याने, निदान तीन महिने, असं धरून चाला. आमच्या भागात वळवाच्या पावसानंतर आणि पावसाळा सरताना गोचीड एकदम वाढते, तेव्हा सुरुवात त्याच्या आधीच केलेली बरी.

कुत्र्याच्या अंगासाठी आता फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर या गोळ्या मिळतात. फ्लुरालेनरचा परिणाम जवळजवळ तीन महिने राहतो, बाकीच्या दोन्हींचा महिनाभर. राखणीच्या कुत्र्याला या फार सोयीच्या, कारण पावसात भिजला, चिखलात लोळला तरी त्यांचं काम चालू राहतं. खर्च वाटतो, पण दोन-तीन आजारपणांच्या खर्चाशी ताडून पाहा. झटके येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रोज हाताने गोचिडी वेचणं चांगलंच, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. एर्लिकिया गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच अंगात उतरू शकतो, संध्याकाळी वेचेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि काय करू नये, हे जोर देऊन सांगतो. शेतीचं कीटकनाशक, क्लोरोपायरीफॉस असो की मोनोक्रोटोफॉस, कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नका. लाळ, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं आणि मग मृत्यू, हे काही तासांत होतं. गाडीचं जळकं ऑइल चोपडण्याची पद्धतही सोडा, कुत्रा ते चाटतो आणि कातडी भाजते ती वेगळीच. गुरांच्या आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन 'थोडं कुत्र्यालाही' टोचू नका. कॉली आणि इतर काही मेंढपाळी जातींत हे औषध मेंदूपर्यंत पोहोचू देणारा जनुकदोष असतो, आणि क्रॉस कुत्र्याच्या पूर्वजांत कोण होतं हे आपल्याला ठाऊक नसतं.

आजारपणातलं खाणं आणि काम

ताटात उरलेला कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा भाकरीवर ओतून देणं पूर्ण थांबवा. कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, आणि इथे त्या आधीच कमी आहेत. भाकरी चालेल, पण जोडीला अंडी, मिठाशिवाय शिजवलेली कोंबडी, थोडी कलेजी द्या. शिजवलेली हाडं नकोत. पपईच्या पानांचा रस अनेक जण देतात, तो द्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, डॉक्सिसायक्लिनच्या जागी मात्र नाही.

प्लेटलेट्स वर येईपर्यंत त्याला मोटारसायकलमागे पळवू नका, काटेरी कुंपणात, उसाच्या पात्यांत सोडू नका. आणि रात्री आत घ्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात कुत्रा हे त्यांचं प्रमुख भक्ष्य असल्याचं दिसलं होतं. मलूल, सावकाश उठणारा कुत्रा उसाच्या कडेला बांधून ठेवणं म्हणजे त्याला मरणाच्या तोंडी देणं आहे. पक्क्या दाराच्या खोलीत दोन-तीन आठवडे झोपू द्या.

चिडचिड बहुतेकदा ताप उतरल्यावर आठवड्याभरात ओसरते. नाहीच ओसरली तर कानात कुसळ गेलं आहे का, कान आतून पिकला आहे का, दाढ दुखते आहे का, आणि अल्सेशियन क्रॉस असेल तर खुबा दुखतो का, हे क्रमाने पाहा. या काळात त्याला मारू नका, लहान मुलांना त्याच्या खाण्यापाशी आणि झोपण्यापाशी जाऊ देऊ नका, आणि पट्टा घालताना आधी आवाज देऊन समोरून जा.

घरचा कुत्रा बरा झाला, जागा साफ झाली, तरी नर कुत्रा माजावरच्या मादीमागे दोन दिवस गाव भटकून आला की गोचिडींचं गाठोडं घेऊन येतो. खच्चीकरणाने भटकणं बरंच कमी होतं, राखण कमी होत नाही. मात्र ती शस्त्रक्रिया प्लेटलेट्स पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात आल्यावरच करा. आणि औषध सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी द्या, शेजारच्या मळ्यावरच्या कुत्र्यांनाही जमलं तर त्याच दिवशी. पुढची गोळी आणि पुढची फवारणी कधी, ते गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नाकातून रक्त येणं, काळी चिकट शी होणं, हिरड्या पांढऱ्याफटक होणं, उभं राहता न येणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. नाकातून रक्त येत असेल तर डोकं वर धरू नका, नाकपुडीत काही कोंबू नका, नाकाच्या वरच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा आणि कुत्र्याला शांत ठेवून गाडीत घाला. अशा कुत्र्याला कधी कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागतं, तेव्हा घरचा मोठा, निरोगी कुत्रा असेल तर त्यालाही सोबत न्या. गाडीची सोय नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा. लघवीचा रंग, कालपासूनचा ताप आणि आजवर दिलेल्या औषधांची नावं फोनवरच सांगा.